क्रोशा शिकताना: पहिल्या साखळीपासून टोपड्यापर्यंत

माझा पहिला मफलर त्रिकोणी झाला. सुरुवातीला ३० टाके होते, हातभर विणून झाल्यावर मोजले तर १७. मधले १३ गेले कुठे ते मला कळेना. शेजारच्या काकूंना मात्र ते दारातूनच कळलं. "मफलर म्हणाली होतीस ना? मग हा झेंडा कुणाचा?" एवढं बोलून त्यांनी सुई काढून घेतली, दोरा ओढला आणि माझं चार संध्याकाळचं काम सर्रकन उसवून मांडीवर ठेवलं. "आता पहिल्यापासून. आणि या वेळेला मोज."

क्रोशाची, म्हणजे टोकाला आकडा असलेली, सुई कधीच हातात न धरलेल्यांसाठी हे लिहिते आहे. व्हिडिओ बघून हातांच्या हालचाली कळतात, पण आपलं नेमकं कुठे चुकलं ते व्हिडिओ सांगत नाही. काकू सांगायच्या. म्हणून इथे कृतीइतक्याच चुकाही आहेत, आणि त्या सगळ्या मी स्वतः करून पाहिलेल्या आहेत.

आधी एक दिलासा. दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके सुईवर लटकत असतात. एक गळला की खालपर्यंत शिडी पडते. क्रोशात सुईवर बहुतेक वेळा एकच जिवंत लूप असतो. बाकीचं काम खाली बंद होऊन बसलेलं असतं. त्यामुळे कुकरची शिट्टी झाली, दार वाजलं, तर लूप जरा मोठं करून सुई काढून ठेवता येते. चुकलं तर चुकीपर्यंत उसवायचं आणि तिथूनच पुन्हा सुरू करायचं.

सामान काय आणायचं

एक सुई, एक गुंडा, एक बोथट टोकाची लोकर शिवायची सुई, कात्री आणि चार सेफ्टी पिना. बस. मी पहिल्याच दिवशी बारा सुयांचा संच घेतला होता. त्यातल्या दहा अजून डब्यात आहेत.

सुईचा नंबर मिलिमीटरमध्ये असतो. तो तिच्या दांड्यावर कोरलेला सापडेल. शिकायला ४ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची घ्या. आई-आजीच्या डब्यात सापडतात त्या स्टीलच्या बारीक सुया सुती दोऱ्याच्या रुमालांसाठी असतात. त्या मोहाने उचलू नका. त्या सुईवर टाका दिसायला नजर लागते, आणि नवशिक्याची नजर अजून टाका ओळखायला शिकलेली नसते.

लोकर साधी, ॲक्रिलिकची, चार प्लायची. रंग फिका पण पांढरा नको. पिवळा, आकाशी, पिस्ता असं काहीतरी. गडद निळ्या आणि काळ्या लोकरीत टाक्याची भोकं दिसत नाहीत. केसाळ, मखमली लोकर दुकानात फार गोड दिसते. ती मुळीच घेऊ नका, कारण ती नीट उसवत नाही, आणि पहिल्या महिन्यात तुम्ही विणाल त्याहून जास्त उसवणार आहात. गुंड्यावरचं लेबल फेकू नका. त्यावर कोणत्या नंबरची सुई लागेल ते असतं आणि रंगाचा लॉट नंबरही असतो. पुढे मोठं काम कराल तेव्हा सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्यावे लागतात, नाहीतर पाठीच्या मध्यावर आडवा पट्टा उमटतो. पुण्यात तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत बोहरी आळीकडे गेलात तर हे सगळं एका फेरीत मिळतं. गावाकडे शिलाईचं सामान विकणाऱ्या दुकानातही लोकर आणि एक-दोन सुया असतातच.

हातात धरणं

सुई उजव्या हातात पेन्सिलसारखी धरा किंवा भाजी चिरायच्या सुरीसारखी. दोन्ही बरोबर. यावरून वाद घालणारे पुष्कळ भेटतील. खरं काम डाव्या हाताचं असतं. दोरा करंगळीभोवती एक वेढा घेऊन मधल्या दोन बोटांखालून काढायचा आणि तर्जनीवरून पुढे आणायचा. अंगठा आणि मधलं बोट विणलेला भाग धरतात, तर्जनी दोरा ताणून उभी राहते. पतंगाच्या मांज्याला ढील द्यावी तशी ही तर्जनी दोरा सोडत जाते. पहिले दोन दिवस बोट आखडेल, दोरा सुटेल, चिडचिड होईल. तिसऱ्या दिवशी अचानक जमतं, आणि काल का जमत नव्हतं तेच आठवत नाही. डावखुऱ्यांनी सगळं आरशातल्यासारखं उलट करावं. व्हिडिओ बघत असाल तर तो आडवा उलटवून बघा.

साखळी

दोऱ्याला सुरगाठ मारा, म्हणजे ओढली की घट्ट किंवा सैल होणारी. ती सुईवर चढवा. आकड्यात दोरा अडकवा आणि तो लूपमधून बाहेर काढा. एक साखळी झाली. अशाच करत राहा.

पहिल्या दिवशी फक्त साखळ्या करा. हातभर करा, उसवा, पुन्हा करा. माझ्या साखळ्या इतक्या घट्ट यायच्या की पुढच्या ओळीत त्यांत सुई शिरत नव्हती. भीतीने माणूस दोरा आवळतो. यावर काकूंचा उपाय सोपा होता: साखळी पुरती एक नंबर मोठी सुई वापरायची आणि पहिल्या ओळीपासून आपल्या सुईवर यायचं. जवळ मोठी सुई नसेल तर लूप सुईच्या टोकाशी, निमुळत्या भागावर, न करता मागे जाड दांड्यावर करा. टाक्याचं माप तो दांडाच ठरवतो.

मोजताना साखळी सपाट धरा. इंग्रजी व्हीसारखी घरं एकापुढे एक दिसतील. सुईवरचं लूप मोजायचं नाही, सुरगाठही मोजायची नाही.

मुका खांब, आणि कडेचा घोळ

आता चौकोन. २१ साखळ्या घाला. सुईजवळची पहिली साखळी सोडा, दुसरीत सुई घाला. दोरा आकड्यात धरून बाहेर काढा. सुईवर दोन लूप दिसतील. पुन्हा दोरा धरा आणि दोन्हींतून एकदम ओढून घ्या. हा झाला मुका खांब. त्याला मुका का म्हणतात ते मला कुणी सांगितलं नाही, पण नाव चपखल आहे. बुटका, घट्ट, गपचूप बसणारा टाका. टोकापर्यंत गेलात की बरोबर २० मुके खांब व्हायला हवेत.

ओळ संपली की एक साखळी घाला आणि काम उलटा. ही साखळी नुसती उंचीसाठी असते. तिला टाका धरायचं नाही. पहिला मुका खांब लगेच पहिल्या टाक्यातच घालायचा. आणि इथेच सगळे पडतात. पहिला टाका उलटल्यावर जरा वळून बसलेला असतो, म्हणून चुकून आपण दुसऱ्यात जातो. शेवटचा टाका कडेला चोरासारखा लपलेला असतो, म्हणून आपण तो झालाच असं समजून उलटतो. एका ओळीत एक गेला, पुढच्या ओळीत एक गेला, की झाला झेंडा.

उपाय दोन आहेत. पहिला कंटाळवाणा: प्रत्येक ओळीनंतर मोजा. दुसरा मला फार उपयोगी पडला. ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात एकेक सेफ्टी पिन लावायची. पुढच्या ओळीत पिनेच्या टाक्यात सुई गेली नाही तर उलटायचंच नाही. विणून झालं की पिना वरच्या ओळीत सरकवायच्या. अशा १० ओळी सरळ आल्या की पिना काढून टाका.

कधी उलटंही होतं. काम रुंद होत जातं, कारण उंचीच्या साखळीतही आपण टाका घालतो.

खांब

मुका खांब जमला की खांब सोपा आहे. टाक्यात सुई घालण्याआधी दोऱ्याचा एक वेढा सुईवर घ्यायचा. मग आत घालून दोरा काढला की सुईवर तीन लूप होतात. पुन्हा दोरा धरून ते दोन-दोन करून दोनदा सोडवायचे. टाका उंच आणि मोकळा येतो, काम भराभर वाढतं.

फक्त कडेचा नियम बदलतो. खांबाच्या ओळीला वळताना तीन साखळ्या घालतात आणि त्या तीन साखळ्या पहिला खांब म्हणून मोजतात. म्हणून पुढचा खांब दुसऱ्या टाक्यात. आणि परत येताना शेवटचा खांब त्या तीन साखळ्यांच्या डोक्यावर. मुक्या खांबाचा नियम इथे लावला की काम रुंदावतं, आणि हा नियम तिथे लावला की झेंडा. माझ्या मफलरचं तेच झालं होतं. मी मुके खांब विणत होते आणि व्हिडिओ खांबाचा बघत होते.

नावांच्या भानगडीबद्दल इथेच सांगते. अमेरिकन पद्धतीत मुक्या खांबाला सिंगल क्रोशे म्हणतात आणि खांबाला डबल क्रोशे. ब्रिटिश पद्धतीत आपला मुका खांब डबल क्रोशे होतो आणि खांबाला ट्रेबल म्हणतात. म्हणजे 'डबल क्रोशे' हा शब्द दोन्हीकडे आहे, टाके वेगळे. एका ब्रिटिश पुस्तिकेतली पिशवी मी अमेरिकन समजून विणली. ती लांबीला भलतीच वाढली आणि इतकी जाळीदार झाली की लिंबंसुद्धा खाली पडायची. नमुन्यात कुठेही 'सिंगल क्रोशे' दिसलं तर तो अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत त्या नावाचा टाकाच नाही. आपली मराठी नावं याबाबतीत सरळ आहेत. मी प्रत्येक नमुना आधी 'मु. खां.' आणि 'खां.' असा वहीत उतरवून घेते.

गोल

चौकोन जमला की बशीखाली ठेवायचा गोल करा. चार साखळ्या घालून पहिलीत स्लिप स्टिचने जोडा, म्हणजे तिच्यात सुई घालून काढलेला दोरा सुईवरच्या लूपमधूनही लगेच ओढून घ्या. छोटं कडं तयार होईल. त्या कड्यात सहा मुके खांब. पुढच्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे १२. तिसऱ्या फेरीत एका टाक्यात एक, पुढच्यात दोन, असं करत १८. चौथ्या फेरीत दोन टाके साधे, तिसऱ्या टाक्यात दोन: २४. दर फेरीला सहा वाढतात. खांबाने विणायचं तर सुरुवात १२ ने आणि वाढ दर फेरीला १२ ची. फेरी कुठे सुरू झाली ते दाखवायला पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन हवीच. गोलात ओळीचं टोक दिसत नाही.

माझा पहिला गोल वाटी झाला. पाचव्या फेरीपासून मी वाढवायचं विसरले आणि कडा वर उचलल्या गेल्या. तो अजून टेबलावर आहे, त्यात टाचण्या असतात. दुसऱ्या वेळी घाबरून जास्तच वाढवले, तर कडेला झालर आली. मला रडू यायच्या बेतात होतं. काकूंनी झालर हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "ही परकराला छान दिसेल. पण तू बशीसाठी केलीस."

खरं तर त्याच वाक्याने मला क्रोशा कळला. टाके कमी केले की त्रिकोण होतो, आणि शाली अशाच मुद्दाम कमी-जास्त करून होतात. वाढवणं थांबवलं की वाटी होते. जास्त वाढवले की झालर. चूक म्हणून जे जे झालं ते दुसरीकडे कुठेतरी नमुना म्हणून छापलेलं असतं. दाइना ताइमिना या गणितज्ञ बाईंनी तर १९९७ मध्ये, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात असताना, ही झालरच गणितात नेली. टाके ठरावीक प्रमाणात वाढवत नेले की हायपरबोलिक पृष्ठभाग, म्हणजे जागोजागी खोगिरासारखा वळलेला पृष्ठभाग, हातात धरता येतो, हे त्यांनी क्रोशाने विणून दाखवलं. मी हे काकूंना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, की मग त्यांनी दर फेरीला किती वाढवले?

पहिलं टोपडं

आता वाटी मुद्दाम करायची आहे. नात्यात किंवा शेजारी कुठेतरी बाळ येऊ घातलेलं असतंच, आणि टोपडं म्हणजे दोन-तीन संध्याकाळचं काम. बाळासाठी मऊ, न टोचणारी लोकर घ्या. गालाला लावून बघा.

नवजात बाळाचं डोकं साधारण ३५ सेंटीमीटर घेराचं असतं. विणलेलं काम ताणलं जातं म्हणून टोपडं ३३ चं करा. माझ्या हाताला ४ मिलिमीटरच्या सुईवर एक मुका खांब अर्धा सेंटीमीटर रुंद येतो. म्हणजे ३३ सेंटीमीटरला ६६ टाके, आणि दर फेरीला सहा वाढवत गेलं तर ६६ होतात अकराव्या फेरीत. तुमचा हात सैल असेल तर टाका मोठा येईल. म्हणून आधी केलेल्या चौकोनावर पट्टी ठेवा, दहा टाक्यांची रुंदी मोजा आणि हिशोब स्वतःचा करा. मी हे मोजमाप न करता पहिलं टोपडं केलं होतं. ते बाळाला दीड वर्षानंतर झालं, तेव्हा भर मे महिना होता.

अकरा फेऱ्यांचा सपाट गोल झाला की वाढवणं बंद. प्रत्येक टाक्यात एकच मुका खांब, फेरीमागून फेरी. दोन-तीन फेऱ्यांत कडा खाली वळायला लागतील. गोलाच्या मध्यापासून काठापर्यंत १३-१४ सेंटीमीटर भरलं की थांबा. शेवटची फेरी दुसऱ्या रंगाची केलीत तर टोपडं एकदम दुकानातल्यासारखं दिसतं. बांधायला बंद हवे असतील तर नुसती साखळीच पुरते, पण ती आखूड ठेवा आणि झोपताना टोपडं काढून ठेवायला सांगा. बंद गळ्याभोवती येतात. वर मणी, बटणं, सुटणारे गोंडे लावू नका, बाळ सगळं तोंडात घालतं.

दोरा कापताना वीतभर शेपूट ठेवा आणि ती शेवटच्या लूपमधून ओढून घ्या. मग बोथट सुईत ओवून आतल्या बाजूने टाक्यांतून एका दिशेला न्या, उलट फिरून परत आणा, आणि तेव्हा कापा. हे काम कुणालाच आवडत नाही. मी एकदा गाठ मारून कापली होती. पहिल्याच धुण्यात ती सुटली.

रुमाल आणि खळ

लोकरीवर हात बसला की सुती दोऱ्याकडे जावंसं वाटेल. जुन्या घरांत टीव्हीवर, टेबलावर, फोनखाली असायचे तसे पांढरे रुमाल, दाराला तोरण, मोरांची जाळी. तोरणातले मोर आणि 'सुस्वागतम' ही अक्षरं म्हणजे चौकडीच्या कागदावरचा हिशोब. काही घरं खांबांनी भरलेली, काही साखळीची रिकामी. कठीण नाही, पण चिकाटी लागते. सुती दोऱ्याची सुई १.२५-१.५ मिलिमीटरच्या आसपास. उजेड चांगला हवा.

रुमाल सुईवरून उतरतो तेव्हा चुरगळलेल्या रद्दीसारखा दिसतो. निराश होऊ नका. तो धुवा, भाताच्या पेजेच्या पातळ खळीत बुडवा, अलगद पिळा. जाड टॉवेलवर पसरून प्रत्येक टोक ओढून टाचणीने पक्कं करा आणि वाळू द्या. टाचण्या न गंजणाऱ्या हव्यात. माझ्या एका रुमालाला आठ तपकिरी ठिपके आहेत, अगदी समान अंतरावर. पाहुण्यांना ती नक्षी वाटते.

लोक काय म्हणतील

दुसरं टोपडं होईपर्यंत कुणीतरी म्हणेलच, "विकायला लाग की!" हिशोब करून बघा. बशीखालच्या एका गोलाला मला ४० मिनिटं लागतात. सहाचा संच म्हणजे चार तास. त्याचे किती मागाल? कारखान्यात क्रोशाचा टाका हुबेहूब घालणारं यंत्र नाही. बाजारात स्वस्तात मिळणारा खऱ्या क्रोशाचा टॉपही कुणीतरी हातानेच विणलेला असतो. आंध्रात गोदावरीकाठी नरसापूरच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या बायका घरोघरी क्रोशाची लेस विणतात, त्यांच्या मजुरीचा प्रश्न जुनाच आहे. मी विकत नाही. देते, पण ज्याला द्यायचं त्याने उसवलेल्या लोकरीचा गुंता सोडवायला बसायचं ही अट आहे.

हो, तो गुंता. उसवलेली लोकर कुरळी होते आणि तशीच विणली तर टाके वाकडे येतात. ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवून दांडीवर लटकवा. खाली थोडं वजन अडकवलं तर सरळ होते. मी एक कपड्याचा चिमटा लावते. माझी पिस्ता रंगाची लोकर अशी तीनदा धुतली गेली आहे. आधी ती मफलर होती, मग लिंबं गाळणारी पिशवी. आत्ता तिच्या नऊ फेऱ्या झाल्या आहेत, ५४ टाके. काकूंच्या नातीला पुढच्या महिन्यात बाळ होणार आहे, आणि काकू रोज संध्याकाळी येऊन मोजून जातात.